बसलेला माणूस आणि इतर बातम्या

फोटो कापताना मला त्यात बाबा सापडले. फोटो गोलाचा होता, म्हणजे गोल झाल्यानंतरचा. गोल होताना कुणाला नीट काही काढता आलं नव्हतं. पुढे आपल्या संघाचा नऊ नंबर गुडघ्यांवर घसरत येतोय, तोंड इतकं उघडं की त्याच्या दातांच्या डॉक्टरने हळहळावं, आणि मागे उठलेलं सबंध स्टेडियम, हात वर, झेंडे वर, कुणाचा तरी एक बूटही वर. माझं काम नऊ नंबरला चौकोनात बसवायचं. मी चौकोन उजवीकडे ओढला तेव्हा बुटाच्या बरोबर खाली, उभ्या माणसांच्या कमरांच्या मधोमध, एक माणूस बसलेला दिसला. शांत. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. चेहऱ्यावर शेजाऱ्याच्या मफलरचं टोक फडफडत आलेलं, त्यामुळे हनुवटी आणि एक कान एवढंच उघडं. अंगात संघाचा पिवळा टी-शर्ट होता, पण त्याच्या गळ्यातून आतल्या शर्टाची कॉलर बाहेर आली होती, आणि ती कॉलर माझ्या ओळखीची होती, कारण ती उलटवून शिवताना आईची सुई मोडली होती आणि सुईचं टोक शोधण्यात घरातला एक अख्खा रविवार गेला होता. डबा हिरवा, झाकण निळं. हिरवं झाकण कधीतरी हरवलं आणि निळा डबा कधीतरी फुटला, तेव्हापासून ते दोघं एकत्र राहतात. बुधवारची दुपार होती. बुधवारी दुपारी बाबा ऑफिसात असतात. मी चौकोन डावीकडे सरकवला आणि बाबांना कापलं. पण फोटो एजन्सीचा होता, एकाच वेळी सगळ्यांकडे गेला होता, आणि बाकीच्यांना माझ्या बाबांना कापायचं काही कारण नव्हतं.

मी ‘आजचं सगळं’ हे सदर लिहितो. सिनेमा, खेळ आणि माध्यमं यांतलं दिवसभरातलं सगळं, प्रत्येकी तीन ओळींत, लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या माणसाचा मजला यायच्या आत वाचून होईल असं. त्या दिवशीचं सगळं असं होतं: एका नटीने आपल्याऐवजी उड्या मारणाऱ्या बाईशी बोलणं सोडलं होतं, एका गायकाने आधीच्या माफीबद्दल माफी मागितली होती, एक वृत्तनिवेदक चालू कार्यक्रमातून रागाने उठून गेला होता आणि कार्यक्रम त्याच्याशिवाय जरा बरा झाला होता. असलं लिहिताना मला कधी हसू येत नाही. तोंड सरळ ठेवायचं, एवढीच या कामातली विद्या. माझ्या मागे आमच्या प्रमुख बसतात. त्यांना आम्ही ठळकबाई म्हणतो, कारण त्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ‘हे ठळक कर’ म्हणतात आणि शेवटी सगळंच ठळक होऊन परत सारखं दिसायला लागतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावरून फोटो बघितला आणि म्हणाल्या, “मागे जरा मोकळं वाटतंय. काही कापलंस का?” मी म्हणालो, “गर्दी होती, मॅडम.” खोटं नव्हतं. बाबा गर्दीच होते.

संध्याकाळी जेवताना बाबांनी नेहमीप्रमाणे ऑफिसच्या बातम्या दिल्या. आमच्या घरातली ही जुनी पद्धत. बाबा वजनकाट्यांच्या कंपनीत हिशेबाला. तिथलं रोज ते घरी आणतात आणि आमटीच्या पहिल्या घासाबरोबर सुरू करतात. टायपिस्टबाईंनी खजिनदाराशी बोलणं टाकलंय. साहेबांनी नवा टोप घातलाय, त्याकडे कुणी बघायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे साहेबांशी बोलताना सगळे त्यांच्या बुटांकडे बघतात, आणि साहेबांनी आज बूट बदलले. आई हसून हसून पदराने डोळे पुसते. मीही हसत आलो होतो. त्या दिवशी मी घास तसाच तोंडात धरून ऐकत राहिलो, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला ऐकावं तसं. प्रत्येक बातमी तीन वाक्यांत. तिसऱ्या वाक्याला वळण. टायपिस्ट आणि खजिनदार यांचं भांडण किती दिवस चाललंय, हे मनात मागे मागे जाऊन बघितलं तर लक्षात आलं की गेल्या हिवाळ्यापासून त्या ऑफिसात नवं माणूस आलेलं नाही, जुनं कुणी गेलेलं नाही, कुणी आजारीसुद्धा पडलेलं नाही. इतकं सुरळीत ऑफिस मी पाहिलेलं नाही. “आणि आज दुपारी काय झालं?” मी विचारलं. बाबांनी भात कालवला. “आज? आज दिवसभर नुसतं बसून होतो,” ते म्हणाले.

सकाळी मी त्यांच्या कंपनीच्या रस्त्याने गेलो. मुद्दाम नव्हे, असं स्वतःला सांगत. लहानपणी शाळेला सुट्टी असली की बाबा मला तिथे न्यायचे. आत शिरताच तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास यायचा, आणि मागच्या खोलीत पोती तोलायचा मोठा काटा होता, जमिनीलाच भिडलेला. त्यावर मला उभं करायचे. पायांखालची पत्र्याची थाळी किंचित खाली जायची, आणि समोरच्या तबकडीतला काटा थरथरत डावीउजवीकडे शोधत राहायचा. ‘हलू नकोस,’ बाबा म्हणायचे. ‘काटा थांबेपर्यंत हलायचं नाही. बाकी कुणी काही करू दे.’ आणि त्यांचे सहकारी मुद्दाम वेडीवाकडी तोंडं करायचे, एक जण तर टेबलावर चढून नाचला होता, आणि मी श्वाससुद्धा धरून उभा राहायचो. सरळ तोंड ठेवायचं मी तिथे शिकलो बहुतेक. आता त्या जागी व्यायामशाळा होती. काचेमागे माणसं सरकत्या पट्ट्यांवर धावत होती, रस्त्याकडे तोंड करून, जीव तोडून, आणि कुणीही पुढे येत नव्हतं. दारातल्या मुलीला मी विचारलं की इथली काट्यांची कंपनी कुठे गेली. ती म्हणाली, “ती तर गेल्या हिवाळ्यातच बंद झाली. वजन करायचंय का? आमच्याकडे फुकट आहे.” मी नको म्हणालो. मला माझं वजन त्या क्षणी जाणून घ्यायचं नव्हतं.

मी ऑफिसात पोचेपर्यंत बसलेला माणूस सगळीकडे पोचला होता. फोटोतून नऊ नंबरला कापून टाकलं होतं; तीस हजार उठलेल्यांच्या मध्ये एकटा बसलेला, मांडीवर विजोड झाकणाचा डबा. कुणी खाली लिहिलं होतं, ‘माझं मन’. कुणी लिहिलं होतं, ‘शेवटचा स्वतंत्र माणूस’. हरलेल्या संघाचा प्रशिक्षक म्हणाला, त्या मैदानात खेळ फक्त त्यालाच कळला. संध्याकाळच्या चर्चेत चार तज्ज्ञ ‘आपण का उभे राहतो’ यावर बोलले आणि बोलता बोलता रागाने उभे राहिले. गाद्यांच्या एका कंपनीने त्याला शोधायचं जाहीर केलं. दोन दिवसांत हिरवे डबे निळं झाकण लावून विकायला आले. आमच्या ऑफिसातही तिघांनी आणले, आणि जेवणाच्या सुट्टीत ते तिघं डबे मांडीवर ठेवून काचेबाहेर कुठेतरी बघत बसायचे. मी त्यांच्यासमोर जेवायचो. मला एकच वाटत राहायचं, की हा डबा आज सकाळी आमच्या ओट्यावर होता, त्यात आईने घाईघाईत पोळ्या दुमडून भरल्या होत्या, आणि तो घेऊन बाबा ‘येतो गं’ म्हणून कुठे गेले ते मला ठाऊक नाही.

“शोधून काढ त्याला,” ठळकबाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला सापडायच्या आत. तुला नोकरीत पक्कं करायचं की नाही, याचा कागद माझ्या टेबलावर पडलाय. माझ्याकडे सही करायला काही कारण नाही. कारण दे मला.”

“आणि त्याला सापडायचं नसेल तर?”

“अरे, एवढ्या लोकांत जाऊन एकटा बसतो तो. सापडायचंच आहे त्याला.”

त्या संध्याकाळी मी आमच्या इमारतीच्या जिन्यात थांबलो. बाबा नेहमीच्या वेळी आले, नेहमीसारखे थकलेले, आणि मला पायरीवर बसलेला बघून थबकले. “किल्ली विसरलास?” मी नाही म्हणालो. ते कठड्याला धरून सावकाश माझ्या शेजारी बसले आणि डबा मांडीवर घेतला. फोटोत बसले होते अगदी तसेच. मला एकदम कुठे बघावं कळेना. मी त्यांच्या बुटांकडे बघितलं.

“बाबा, तो फोटो.”

“बघितला मी,” ते म्हणाले. “पानवाल्याने दाखवला. मला म्हणाला, बघा साहेब, काय माणूस आहे. मी म्हटलं, हो, आहे खरा.”

“तुम्ही तिथे काय करत होता?”

“काम,” बाबा म्हणाले, जरा दुखावल्यासारखे. मग त्यांनी सांगितलं, हळूहळू, ऑफिसची बातमी सांगताना सांगतात तसं नव्हे, अडखळत. तिकिटं खपली नाहीत की स्टेडियमच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, आणि टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत. म्हणून रोजंदारीवर माणसं आणतात. बसायला. त्यांच्यावर एक मुकादम असतो. तो टी-शर्ट देतो, रांगेत बसवतो आणि खाली कोपऱ्यात पांढरा झेंडा घेऊन उभा राहतो. झेंडा वर झाला की उभं राहायचं, ओरडायचं. खाली झाला की बसायचं. मॅचकडे बघायचं नाही, झेंड्याकडे बघायचं. कधी फुटबॉल, कधी बक्षीस समारंभ, एकदा तर त्या माफीवाल्या गायकाचा कार्यक्रम. “चांगलं काम आहे,” बाबा म्हणाले. “माझ्या वयाचे बरेच आहेत.”

“पण गोल झाला होता, बाबा.”

“झाला असेल. झेंडा वर झाला नाही.”

“सगळे उभे राहिले.”

“त्यांना राहायचं असेल,” बाबा म्हणाले. “मला झेंडा दिसला नाही. मी शोधत होतो. नंतर कळलं, मुकादमाने गोल बघून झेंडा फेकून दिला आणि नाचायला लागला. आता तो कामावर असताना नाचला यात माझी काय चूक? उलट मलाच बोलला, की तुम्हाला साधं उभं राहता येत नाही का. मी सबंध वेळ बरोबर बसलो होतो.” त्यांचा आवाज चढला नाही, पण अंगठा डब्याच्या कडेवरून मागेपुढे जात होता, तबकडीतल्या काट्यासारखा. तिथल्या एवढ्या माणसांत नेमून दिलेलं काम नेमून दिल्यासारखं करणारा एकटा माणूस हा होता, आणि सगळं जग त्याला बंडखोर म्हणत होतं. मला हसू यायला हवं होतं. मी ते शोधलं. नव्हतं.

“मुकादमाने सांगितलं नाही कुणाला, की तो तुम्ही आहात?”

“सांगेल कसा? माणसं आणून बसवतात हे बाहेर कळलं तर त्याचं काम जाईल. आमचंही.” मग त्यांनी विचारलं, “तू छापलंस तर तुझी नोकरी पक्की होईल का?”

ठळकबाईंना नुसता बसलेला माणूस हवा होता. मी त्यांना भाड्याने आणलेलं अख्खं स्टेडियम देऊ शकत होतो. सही काय, त्यांनी अंगठासुद्धा दिला असता.

“छाप मग,” बाबा म्हणाले. “फक्त आधी मी तुझ्या आईला सांगतो. उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, आज ऑफिसात काय झालं माहीत आहे का, आणि टायपिस्टबाई खजिनदाराशी एक शब्द बोलल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो शब्द कुठला, यावरून ऑफिसात दोन तट पडले. रोज जिन्यात ते माझ्याकडे बघून मान हलवायचे, म्हणजे आज नक्की, आणि रोज आमटी यायची आणि ऑफिस सुरू व्हायचं. बातम्या दिवसेंदिवस सुंदर होत चालल्या. मला त्या ऐकवेनात. मी आईकडे बघायचो, ती हसायची, आणि मला भीती वाटायची की उद्या हे संपलं तर ती संध्याकाळी काय ऐकणार. रात्रीचं म्हणत नाही मी, रात्री झोप यायची. भीती भर संध्याकाळची होती, दिवे लागताना छातीवर येऊन बसायची, अगदी शांत, मांडीवर डबा घेऊन.

मग बसलेला माणूस सापडला. दुसऱ्याच कुणाला तरी, आणि दुसराच. सोफे विकून निवृत्त झालेला एक गृहस्थ स्वतःच एका वाहिनीवर जाऊन म्हणाला की तो मीच. का बसलात, असं विचारल्यावर म्हणाला, “बसणं आमच्या घराण्यातच आहे.” तीन पिढ्या सोफ्यांच्या. आमच्याकडे त्याचे फोटो आले आणि ठळकबाई म्हणाल्या, “पडताळून बघ. कान जुळतात का बघ, कान बदलत नाहीत म्हणे.” मी दोन्ही कान पडद्यावर शेजारी शेजारी मोठे केले. एक मांसल, गुबगुबीत, सोफ्याच्या हातासारखा. दुसरा माझ्या बाबांचा, वरून जरा दुमडलेला. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी तोच धरायचो, रस्ता ओलांडताना घट्ट, आणि ते म्हणायचे, अरे तुटेल तो. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. “जुळतात,” मी म्हणालो. ठळकबाईंनी ते ठळक केलं.

घरी बाबा टीव्हीसमोर होते. पडद्यावर सोफेवाला बसून दाखवत होता. “मागे टेकून बसतोय,” बाबा हळूच म्हणाले. आईला ऐकू गेलं नसावं. ती शेजारणीकडून नुकतीच आली होती, हातात हिरवं झाकण. “निळं तिला दिलं,” ती म्हणाली. “आता निळ्याला काय मागणी आहे, बाई. तिला ते हवं होतं, मला आपलं जोडीचं बरं.” तिने झाकण डब्यावर दाबलं. टक् असं वाजलं. किती वर्षांनी त्या डब्याचं झाकण नीट लागलं होतं, आणि बाबा त्या आवाजाने दचकले.

पुढच्या मॅचला क्लबने सोफेवाल्याचा सत्कार ठेवला. मैदानाच्या मधोमध त्याला सोफ्यावर बसवणार आणि त्याच्या सन्मानार्थ सबंध स्टेडियम एक मिनिट बसून राहणार. एरवी माणसं बसलेलीच असतात. पण आता ती सन्मानार्थ बसणार होती, म्हणून आधी सगळ्यांना उठवलं आणि मग बसवलं. हे मी ऑफिसातल्या पडद्यावर तोंड सरळ ठेवून बघितलं. मिनिट संपलं आणि फोटो यायला लागले. वरून काढलेला एक होता, खुर्च्यांचा समुद्र, सपाट, पिवळा. डाव्या बाजूला त्यात एक रेघ होती. मी फोटो मोठा केला. पिवळ्या टी-शर्टातून कॉलर बाहेर आलेली, हात शरीराला चिकटलेले, डबा छातीशी धरलेला, आणि या वेळी चेहऱ्यावर मफलर नव्हता. मुकादमाने काय सांगितलं असेल ते मला न विचारता कळलं. यापुढे काहीही होवो, तुम्ही उभं राहायचं. बाबा उभे होते. काटा थांबेपर्यंत.

“हा कोण शहाणा?” ठळकबाई मागून म्हणाल्या. त्यांचं बोट काचेवर, बाबांच्या बरोबर पोटावर. “बसलेल्या माणसाचा अपमान करायला आलाय मुद्दाम. कसला भन्नाट फोटो आहे. लोक फाडून खातील याला. ओळखू येतोय का?”

“नाही,” मी म्हणालो. “आणि मॅडम, हा ठेवला तर सगळी बातमी याचीच होईल. सोफेवाला आपण पडताळलाय. आपला आहे तो.”

त्यांनी विचार केला. त्यांचा कागद तसाच टेबलावर होता. सोफेवाल्यावर सही होणार, असं त्या सकाळी म्हणाल्या होत्या. “काप मग,” त्या म्हणाल्या. मी चौकोन उजवीकडे ओढला. कडेला त्यांचा एक खांदा राहत होता. अजून थोडा ओढला. तीन ओळी लिहिल्या: सबंध स्टेडियम एकदिलाने बसलं. मग शौचालयात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघितलं. तोंड सरळ होतं. ते आता दुसरं काही होतच नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी आमटीचा पहिला घास घेतला आणि ऑफिस सुरू केलं नाही. ते पानात बघत होते. “तुमच्याकडे काय आज?” त्यांनी मला विचारलं. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“सत्कार झाला,” मी म्हणालो. “सगळे बसले.”

“सगळे?”

“हो. सगळे.”

“फोटोत?”

“फोटोतही.”

“बरं,” बाबा म्हणाले. “बरं झालं.” आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, ते सुटकेचं होतं की दुसरंच, मला सांगता येणार नाही. मी त्यांना वाचवलं होतं. दोन्ही वेळा. दोन्ही वेळा ते तिथे होते, आणि मी दोन्ही वेळा ते नव्हते असं केलं होतं.

आई ओट्याशी डबा घासत होती, पाठमोरी. “एक उभा होता,” ती म्हणाली.

नळ चालू होता.

“टीव्हीवर दाखवला, जरासाच. मी बघत होते.” तिने झाकण पाण्याखाली धरलं, उलटसुलट करून बघितलं. “कॉलर चांगली बसली होती. मला वाटलं होतं, सुरकुती राहील.”

बाबांचा हात भातात थांबला. मग त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. “आज ऑफिसात काय झालं माहीत आहे का, टायपिस्टबाई...”

“ऑफिस राहू द्या हो आता,” आई म्हणाली. नळ बंद करून, हात पुसत ती येऊन आमच्यासमोर बसली. “मॅच सांगा.”

बाबांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. ताठ बसून, डोळे माझ्यावर, ते झेंड्याची वाट बघत होते. माझ्या खिशात रुमाल होता. पांढरा नव्हता, मळकाच होता. मी तोच वर केला.